मी कुणाचे देणे लागतो? : आयन रँडच्या व्यक्तिवादाचा लेखाजोखा

सत्कार समारंभ असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की निवृत्तीचा निरोप, व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘आपण समाजाचे काही देणे लागतो.’ हे देणे नेमके किती, ते कुणी ठरवले, ते कधी फिटते आणि फेडायला नकार दिला तर वसुलीला कोण येणार, हे प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. विसाव्या शतकात एका लेखिकेने ते विचारले आणि बेधडक उत्तरही दिले. माणूस कुणाचेही देणे लागत नाही. जन्माला आलो एवढ्यावरून समाजाचे, देशाचे, धर्माचे, अगदी मानवजातीचेही कर्ज माझ्या डोक्यावर चढत नाही. माझे आयुष्य माझे आहे आणि माझे सुख हेच त्याचे प्रयोजन आहे.

ही लेखिका म्हणजे आयन रँड. तिच्या ‘द फाउंटनहेड’ (1943) आणि ‘अॅटलास श्रग्ड’ (1957) या दोन्ही जाडजूड कादंबऱ्या मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणल्या आहेत. त्याआधीही मूळ इंग्रजी प्रती महाविद्यालयांच्या वसतिगृहांत हातोहात फिरत आल्या. विशीत रँड वाचून झपाटलेली माणसे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असतात, आणि तिचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालणारीही. पहिल्यांना तिच्यात मुक्तीचा जाहीरनामा दिसतो, दुसऱ्यांना माणूसघाणेपणाचे समर्थन. तिचे म्हणणे अर्धे बरोबर आणि अर्धे चूक, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कोणते अर्धे बरोबर आणि कोणते चूक, हे नीट तपासले तरच त्या वाचनाचा काही उपयोग.

सील लागलेले दुकान

रँडचे मूळ नाव अलिसा रोझेनबाउम. जन्म 2 फेब्रुवारी 1905चा, रशियातील सेंट पीटर्सबर्गचा. घर ज्यू मध्यमवर्गीय. वडील औषधविक्रेते, आणि त्यांचे दुकान चांगले चालत होते. 1917 मध्ये बोल्शेविक क्रांती झाली आणि पुढच्याच वर्षी जनतेच्या नावाने ते दुकान जप्त झाले. सैनिक आले, त्यांनी दाराला सील लावले. अलिसा तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. कुटुंब क्रिमियात गेले, काही वर्षांनी परतले, उपासमारीचे दिवस काढले. अलिसाने पेट्रोग्राड विद्यापीठातून 1924 मध्ये पदवी घेतली आणि 1926 मध्ये, एकविसाव्या वर्षी, ती अमेरिकेला गेली. रशियात ती पुन्हा कधीच परतली नाही.

तिच्या वडिलांनी कुणाला लुबाडले, असा आरोप नव्हता. त्यांचे कष्ट ‘सर्वांच्या भल्यासाठी’ हिरावले गेले एवढेच. ‘सर्वांचे भले’ हा शब्दप्रयोग कानावर पडला की रँडचा संशय जागा होई, तो इथून. ज्याला हाडामांसाचे शरीर नाही असा ‘समाज’ स्वतः कधीच येत नाही, त्याच्या नावाने बंदूक घेतलेला कुणीतरी माणूस येतो, हे तिने लहान वयात पाहिले होते. पुढच्या काही दशकांत रशियात जे घडले ते पाहता तिची ही भीती खोटी होती असे कुणी म्हणू शकणार नाही.

एका पायावर उभे राहून

‘अॅटलास श्रग्ड’च्या प्रकाशनाआधी प्रकाशकाच्या विक्रेत्यांची बैठक होती. त्यातल्या एकाने रँडला आव्हान दिले: एका पायावर उभे राहून तुमच्या तत्त्वज्ञानाचे सार सांगता येईल का? तिने ते सांगितले. वास्तव वस्तुनिष्ठ आहे, ते कुणाच्या इच्छेने बदलत नाही. ते जाणण्याचे साधन बुद्धी आहे, श्रद्धा किंवा साक्षात्कार नव्हे. नीतीचा पाया स्वहित आहे. आणि या तिन्हींशी सुसंगत अशी एकच राजकीय व्यवस्था आहे, ती म्हणजे मुक्त भांडवलशाही. या विचाराला तिने ‘ऑब्जेक्टिव्हिझम’ हे नाव दिले.

यातली तिसरी पायरी सर्वात वादग्रस्त. 1964 मध्ये तिने नीतीवरच्या लेखांचा संग्रह काढला, त्याच्या शीर्षकातच स्वार्थाला सद्गुण म्हटले होते. शीर्षक वाचून आतले न वाचणाऱ्यांनी तिच्यावर पुष्कळ अन्याय केला आहे. दुसऱ्याला लुबाडणारा माणूस तिच्या लेखी स्वार्थी नव्हे, परोपजीवी आहे, कारण तो जगण्यासाठी दुसऱ्याच्या कष्टांवर अवलंबून असतो. कुणीही कुणावर आधी बळजबरी करायची नाही, हा तिचा पहिला राजकीय नियम. पोलीस, न्यायालये आणि सैन्य या तीन गोष्टींसाठीच सरकार असावे, कारण बळजबरी रोखणे हेच त्याचे काम. आजारी पत्नीच्या उपचारांसाठी पैसा ओतणाऱ्या नवऱ्याला ती त्यागी म्हणत नाही. ती पत्नी त्याला प्रिय आहे, म्हणून तो स्वतःला मोलाचे वाटते तेच जपतो आहे. मदतीला तिचा विरोध नाही. मदत हे कर्तव्य आहे, दाता हा गरजवंताचा देणेकरी आहे, या कल्पनेला आहे.

कारखान्याची गोष्ट

या विचारातले बळ पाहायचे तर ‘अॅटलास श्रग्ड’मधली एक उपकथा वाचावी. कादंबरीची नायिका डॅग्नी टॅगर्ट ही रेल्वे चालवणारी कर्तबगार बाई. प्रवासात तिला एक भटक्या भेटतो. तो पूर्वी मोटारींच्या एका कारखान्यात कामाला होता. मालक वारला आणि त्याच्या मुलांनी नवी योजना आणली: प्रत्येकाने कुवतीप्रमाणे काम करायचे आणि प्रत्येकाला गरजेप्रमाणे मिळायचे. सहा हजार कामगारांनी सभेत ती मंजूर केली. विरोधात मत द्यायला लाज वाटावी इतकी ती कल्पना उदात्त वाटत होती.

मग प्रश्न आला की गरज ठरवायची कुणी? सभेने, मतदानाने. म्हणजे प्रत्येकाला सर्वांपुढे उभे राहून आपले रडगाणे गावे लागू लागले. कुवत कुणी ठरवायची? तीही सभेनेच. मग जो चांगले काम करी त्याच्यावर जादा पाळ्या लादल्या जाऊ लागल्या, कारण त्याची कुवत जास्त. एका तरुणाने कामाचे असंख्य तास वाचवणारी पद्धत शोधून दिली. त्याचे मोल त्याला मिळाले नाही, उलट आणखी मागणी आली. पुढच्या वर्षी त्याने डोके चालवणे बंद केले. एका म्हाताऱ्याला संगीताच्या तबकड्यांचा शौक होता. ती चैन ठरली आणि बंद झाली, त्याच सभेत एका मुलीच्या दातांसाठी सोन्याची तार मंजूर झाली. म्हातारा दारूच्या नादी लागला आणि एके रात्री त्याने त्या मुलीचे दात पाडले. शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवू लागला. कुणाच्या घरी मूल जन्मले की इतरांच्या पोटात गोळा येऊ लागला, कारण खाणारे तोंड वाढले. चार वर्षांत कारखाना बुडाला, आणि त्याआधीच त्यातली माणुसकी बुडाली होती.

ही गोष्ट रचलेली आहे आणि तिचा शेवट लेखिकेने आधीच ठरवलेला आहे, हे खरे. पण तिच्यातले निरीक्षण अचूक आहे. गरज हाच हक्काचा पुरावा झाला की माणसे गरजा वाढवतात, कुवत लपवतात आणि एकमेकांची माया आटते. सक्तीने घेतलेला परोपकार देणाऱ्याला कडवट करतो आणि घेणाऱ्याला लाचार. ज्यांनी एकत्र कुटुंबात कर्त्या भावाची घुसमट जवळून पाहिली आहे, त्यांना हा कारखाना ओळखीचा वाटेल. कुटुंबाच्या अब्रूसाठी मनाविरुद्ध लावून दिलेली लग्ने, घराण्याच्या नावासाठी सोडलेले शिक्षण, जातपंचायतीने टाकलेला बहिष्कार या सगळ्यांत एका माणसाच्या आयुष्याचा बळी दिला जातो आणि त्याला गोंडस नाव मिळते. अशा ठिकाणी रँडचे ‘नाही’ ऐकणे गरजेचे आहे. दुसऱ्याच्या हेतूंसाठी माणसाला साधन म्हणून वापरू नये, हा तिचा आग्रह निःसंशय बरोबर आहे, आणि तो तिने जितक्या जोराने मांडला तितक्या जोराने फार थोड्यांनी मांडला.

तर्काची गळती

मात्र तिचा दावा फक्त नैतिक आग्रहाचा नाही. आपली नीती तर्काने सिद्ध होते, असे ती म्हणते. तिची मांडणी थोडक्यात अशी. चांगले-वाईट हा प्रश्न फक्त सजीवाला पडतो. कधीच न मरणारा, न मोडणारा यंत्रमानव कल्पून पाहा. त्याला कशानेच फायदा-तोटा होत नाही, म्हणून त्याला मूल्येही नाहीत. याचा अर्थ, मूल्यांचे मूळ जीवनात आहे. म्हणून प्रत्येकासाठी स्वतःचे जीवन हेच सर्वोच्च मूल्य आणि तेच नीतीचे माप.

या युक्तिवादाला सर्वात नेमका धक्का दिला तो तिच्याच बाजूच्या माणसाने. रॉबर्ट नोझिक हा हार्वर्डचा तत्त्वज्ञ पुढे 1974 मध्ये किमान सरकारची बाजू मांडणारा ग्रंथ लिहून गाजला. 1971च्या एका लेखात त्याने रँडच्या मांडणीची एकेक पायरी तपासली. जिवंत असल्याशिवाय कुठलेही मूल्य जपता येत नाही, हे मान्य. पण त्यावरून जिवंत राहणे हेच मूल्य, हे कसे निघते? आणि माझे जीवन हे माझ्यासाठी सर्वोच्च मूल्य हे मान्य केले, तरी तुझ्या जीवनाला मी हात लावू नये, हे त्यातून कसे येते? ‘मी माझ्यासाठी’ पासून ‘मी तुझ्या हक्कांचा मान राखीन’ पर्यंतचा पूल रँडला बांधता आला नाही, असा त्याच्या टीकेचा रोख आहे.

या प्रश्नावर रँडचे उत्तर असे की विवेकी माणसांच्या हितांत खरा संघर्षच नसतो. एका नोकरीसाठी दोन उमेदवार आले आणि एकाला ती मिळाली, तर दुसऱ्याचे काही हिरावले गेले नाही, कारण न कमावलेल्या गोष्टीवर त्याचा हक्कच नव्हता. नियम सर्वजण पाळत असतील तर हे बरोबरच आहे. पण नियम मोडून फायदा होत असेल आणि पकडले जाण्याची भीती नसेल, तर निव्वळ स्वहित पाहणाऱ्याने नियम का पाळावा?

हाच प्रश्न रँडच्या सुमारे शंभर वर्षे आधी एका जर्मन माणसाने शेवटपर्यंत नेला होता. माक्स स्टिर्नर हे त्याचे टोपणनाव, मूळ नाव योहान कास्पार श्मिट. बर्लिनमध्ये तो मुलींच्या शाळेत शिकवत असे. 1844 मध्ये लाइपझिगमधून त्याचे पुस्तक निघाले. ईश्वर, राज्य, नीती, मानवता ही सगळी माणसाने स्वतःच्या डोक्यात बसवलेली भुते आहेत, असे त्याने त्यात मांडले. पण तो तिथे थांबला नाही. हक्क हेही भूतच, मालमत्ता म्हणजे जे मला ताब्यात ठेवता येते ते, आणि दुसऱ्याशी केलेली जुळवणी मला सोयीची असेल तोवरच. मार्क्स आणि एंगल्स यांना हे इतके झोंबले की त्यांनी ‘जर्मन आयडिऑलॉजी’मध्ये त्याच्या खंडनासाठी शेकडो पाने खर्च केली.

स्टिर्नर आणि रँड यांना शेजारी ठेवले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. टोकाचा व्यक्तिवाद स्वतःच्या तर्काने चालत गेला तर तो स्टिर्नरपाशी पोहोचतो. तिथे कुणाचाच हक्क उरत नाही, फक्त ताकद उरते. रँड त्याच्या आधी थांबते आणि दुसऱ्याच्या हक्कांना पवित्र मानते. तिचे हे थांबणे योग्य आहे, माणुसकीचे आहे. पण ते स्वहितातून आलेले नाही. दुसराही माझ्यासारखाच माणूस आहे, या मान्यतेतून ते आले आहे, आणि ही मान्यता तिने स्वतःच्या सिद्धान्तात कुठेही सांगितलेली नाही.

रोअर्कला कुणी घडवले?

दुसरी त्रुटी माणूस घडण्याच्या प्रश्नावर दिसते. ‘फाउंटनहेड’चा नायक हॉवर्ड रोअर्क हा वास्तुशिल्पी. वास्तुकलेच्या शाळेतून त्याला काढून टाकतात, पण तो तडजोड करत नाही. कामे मिळेनाशी होतात तेव्हा ग्रॅनाइटच्या खाणीत मजुरी करतो. गरिबांसाठीच्या कॉर्टलँड या गृहप्रकल्पाचा आराखडा तो पडद्याआडून करून देतो. अट एकच: आराखड्याप्रमाणेच बांधायचे. ती मोडली जाते आणि तो ती अपुरी इमारत सुरुंगाने उडवतो. खटल्यात तो स्वतःची बाजू स्वतः मांडतो: सगळी निर्मिती एकेका माणसाच्या बुद्धीतून होते, सामूहिक मेंदू अशी काही वस्तू नसते. ज्युरी त्याला निर्दोष सोडते.

हा रोअर्क शाळेतून निघाल्यावर कुणाकडे जातो? हेन्री कॅमरॉन या वृद्ध, विस्मृतीत ढकलल्या गेलेल्या वास्तुशिल्प्याकडे. कॅमरॉन त्याला शिकवतो, झापतो, घडवतो. गुरू-शिष्याचे हे प्रसंग कादंबरीतल्या सर्वात हळव्या प्रसंगांपैकी आहेत. रोअर्कच्या इमारती त्याच्या डोक्यातून निघाल्या हे खरेच, पण त्या डोक्यात कॅमरॉन होता. शिवाय त्या उभ्या राहिल्या त्या गवंडी, सुतार, वायरमन यांच्या हातांनी. त्यातला माइक हा वायरमन त्याचा सख्खा मित्र होतो. कथा लिहिताना रँडला हे सारे दिसते. सिद्धान्त मांडताना मात्र हिशेबातून ते गळते.

तिच्या स्वतःच्या आयुष्याबद्दलही हेच. ‘अॅटलास श्रग्ड’ला जोडलेल्या टिपणात, आपल्याला वाटचालीत कुणाची मदत झाली नाही, अशा आशयाची नोंद तिने केली आहे. वस्तुस्थिती वेगळी होती. अमेरिकेत आल्यावर शिकागोच्या नातेवाइकांनी तिला काही महिने घरी ठेवून घेतले, हॉलिवूडला जायला पैसे दिले. तिथे सेसिल बी. डमिल या बड्या दिग्दर्शकाने अनोळखी मुलीला मोटारीत बसवून चित्रीकरण दाखवायला नेले आणि जमावातल्या पात्राचे काम दिले. ‘फाउंटनहेड’ बारा प्रकाशकांनी परत पाठवल्यावर आर्चिबाल्ड ऑग्डन या तरुण संपादकाने स्वतःची नोकरी पणाला लावून ती छापायला लावली. यातल्या कुणावरही सक्ती नव्हती, म्हणून रँडच्या व्याख्येत हे देणे ठरत नाही. पण ‘सक्तीचे देणे नाही’ म्हणजे ‘काहीच मिळाले नाही’ असे होत नाही. या दोन वाक्यांतले अंतर तिने पुसून टाकले आणि तिच्या अनेक वाचकांनीही तेच केले.

तिच्या प्रमुख नायक-नायिकांपैकी कुणालाही मूल नाही. त्यांना अंथरुणाला खिळलेल्या आईची रोजची शुश्रूषा करावी लागत नाही. ते जणू प्रौढ, सुदृढ आणि बुद्धिमान म्हणूनच जन्माला आले आहेत. माणसाचे आयुष्य मात्र परावलंबनात सुरू होते आणि पुष्कळदा परावलंबनातच संपते. मधली कर्तबगारीची वर्षे हेच पूर्ण आयुष्य समजून तिने नीती रचली. त्यामुळे स्वयंपाकघरात, पाळण्याजवळ आणि आजाऱ्याच्या उशाशी होणारे प्रचंड काम, जे बहुतांशी बायका करतात, तिच्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही.

काउंटर आणि तळे

सर्वात कठीण कसोटी हक्कांचीच आहे. 1 फेब्रुवारी 1960 रोजी अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानात गेले. इतर काउंटरवर त्यांना माल विकला गेला. खाण्याच्या काउंटरवर मात्र नकार मिळाला, कारण तो गोऱ्यांसाठी होता. ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, मग आणखी. 1964च्या नागरी हक्क कायद्याने अशा ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरवला.

रँडची भूमिका काय होती? 1963च्या लेखात तिने वंशवादावर कडाडून हल्ला केला. माणसाची किंमत त्याच्या रक्तावरून ठरवणे हा समूहवादाचा सर्वात हीन प्रकार, असे तिचे मत होते. सरकारी वंशभेदी कायदे रद्द झालेच पाहिजेत, असेही तिने लिहिले. पण नागरी हक्क कायद्याच्या मसुद्यातल्या, खासगी मालकांवर भेदभाव न करण्याची सक्ती करणाऱ्या कलमाला तिने विरोध केला. मालमत्ता मालकाची, तिथे कुणाला येऊ द्यायचे हे त्याने ठरवावे. तो वंशद्वेष्टा असेल तर त्याच्यावर बहिष्कार टाका, कायदा आणू नका. आपल्या तत्त्वाशी ती प्रामाणिक राहिली. आणि त्या तत्त्वानुसार ते चार तरुण, ज्यांची गुणवत्ता आणि धैर्य पाहून रँडला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता, काउंटरपाशी तसेच उपाशी बसून राहिले असते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो अस्पृश्य चालत चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याआधी महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच होता. सत्याग्रहानंतर डिसेंबर 1927 मध्ये सनातनी मंडळी न्यायालयात गेली. हे तळे स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, तेव्हा अस्पृश्यांना तिथे येण्यास मनाई करावी, असा त्यांचा दावा होता. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1937 मध्ये निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

तळे सार्वजनिकच होते, त्यामुळे हा दावा खोटा, असे रँडनेही म्हटले असते. पण गावातली सगळी पाणवठ्याची जागा, सगळी दुकाने, सगळी घरे खरोखरच एका गटाच्या मालकीची असती तर? मालकांपैकी एकानेही कुणावर हात उगारला नाही, तरी बाहेर उभ्या असलेल्या माणसाला पाणी मिळाले नसते. त्याची बुद्धी, त्याचे कष्ट, त्याचा स्वाभिमान काही कामाला आला नसता. बळजबरी फक्त बंदुकीची नसते. सगळे दरवाजे एकाच वेळी बंद होणे हीदेखील बळजबरीच आहे. हे मान्य करायला रँडच्या सिद्धान्तात जागा नाही. एका माणसाचा पाणी पिण्याचा हक्क मिळवायला हजारोंना एकत्र चालावे लागले, ही महाडची शिकवण तिच्या ‘एकटा विरुद्ध कळप’ या चित्रात बसत नाही.

शिष्याची कबुली

स्वहित आपोआप शिस्त लावते, या विश्वासाची परीक्षा आर्थिक क्षेत्रातही झाली. अॅलन ग्रीनस्पॅन हे 1950च्या दशकापासून रँडच्या निकटच्या वर्तुळात होते. 1966 मध्ये तिच्या नियतकालिकात त्यांनी सुवर्णमानाच्या बाजूने लेख लिहिला. 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा शपथविधीला रँड हजर होती. 1987 ते 2006 अशी जवळजवळ एकोणीस वर्षे ते अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख होते. 2008 मध्ये बड्या वित्तसंस्था कोसळल्या आणि 23 ऑक्टोबरला त्यांना काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहावे लागले. बँका स्वतःच्या हितासाठी तरी भागधारकांचे भांडवल जपतील, हे आपले गृहीतक चुकले, अशी कबुली त्यांनी तिथे दिली.

रँडचे समर्थक म्हणतात, मध्यवर्ती बँक चालवणे हेच मुळात तिच्या तत्त्वांविरुद्ध होते, तेव्हा दोष तिला कसा? या म्हणण्यात तथ्य आहे. व्याजदर सरकारी यंत्रणा ठरवते त्या बाजाराला शुद्ध मुक्त बाजार म्हणता येत नाही. तरीही बँकांबद्दलचा तो विश्वास सरकारने लादलेला नव्हता. विवेकी स्वहितावरचा तो विश्वास होता. प्रत्यक्षात व्यवस्थापकाचे या वर्षीचे हित आणि बँकेचे दहा वर्षांनंतरचे हित वेगळे निघाले, आणि किंमत मोजली ती त्या व्यवहारात कुठेच नसलेल्या लोकांनी.

आंबेडकरांनी जोडलेला दुवा

मग व्यक्तिवाद टाकून द्यायचा का? मुळीच नाही. आपल्या राज्यघटनेचा पाया व्यक्तीच आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी समाधान व्यक्त केले ते याचेच, की मसुद्याने गावाला बाजूला सारून व्यक्तीला घटक मानले. गावाचा, जातीचा, समूहाचा जाच ज्यांनी सोसला त्यांना व्यक्तीच्या हक्कांचे मोल सर्वात जास्त कळते. या मुद्द्यावर रँड आणि आंबेडकर एकाच बाजूला उभे आहेत.

पण वर्षभराने, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात आंबेडकरांनी पुढचे पाऊल टाकले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिघांना एकमेकांपासून तोडता येत नाही, असे त्यांनी बजावले. समतेवाचून स्वातंत्र्य दिले तर मूठभरांचे बहुसंख्यांवर वर्चस्व येते. स्वातंत्र्यावाचून समता आणली तर व्यक्तीची उमेद मरते. आणि बंधुता नसेल तर बाकीच्या दोन गोष्टी स्वाभाविकपणे टिकत नाहीत, त्या टिकवायला पोलीस लागतो. कारखान्याच्या गोष्टीतून रँडने जो धोका दाखवला तो यातल्या दुसऱ्या वाक्यात आहे. तिला न दिसलेला धोका पहिल्या वाक्यात आहे. आणि नोझिकने दाखवलेली गळती, म्हणजे मी दुसऱ्याचा हक्क का मानावा हा प्रश्न, तिसऱ्या वाक्यापाशी येऊन मिटते. दुसरा माणूसही माझ्याइतकाच माणूस आहे, ही जाणीव म्हणजेच बंधुता.

म्हणून घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक वापराच्या विहिरी, तलाव, रस्ते यांतून धर्म, जात वा लिंगाच्या कारणाने कुणालाही दूर ठेवण्यास मनाई केली, आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. मालकाच्या स्वातंत्र्यावर ही मर्यादा आहेच. पण ती कुठल्या अमूर्त समूहासाठी नाही. ती दारात उभ्या असलेल्या एका माणसासाठी आहे, ज्याच्या व्यक्ती असण्यालाच नकार दिला जात होता. टोकाचा व्यक्तिवाद व्यक्तीला कमी पडतो तो इथेच. आधीच आत असलेल्या व्यक्तीचे तो रक्षण करतो, बाहेर ठेवलेल्या व्यक्तीला तो विसरतो.

आता देण्याचा प्रश्न. ‘तू आमचे देणे लागतोस’ असे सांगून कुणी तुमचे शिक्षण, तुमचा जोडीदार, तुमचे मत किंवा तुमचे आयुष्य मागत असेल, तर रँडचा आधार घेऊन ठाम नकार द्या. तो हक्क तुमचा आहे. पण मी कुणाचेच काही लागत नाही असे वाटू लागले, तर तो हक्क वापरता येण्याजोगा कुणी केला, हेही विचारा. सक्तीचे देणे आणि कृतज्ञतेने मान्य केलेले देणे यांत फरक आहे, आणि स्वतंत्र माणूस दुसरे देणे स्वतःहून मान्य करतो. घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी ‘फाउंटनहेड’ वाचत असेल तर पुस्तक काढून घेऊ नका. ते पूर्ण वाचू द्या, आणि वाचून झाल्यावर आंबेडकरांचे 25 नोव्हेंबर 1949चे भाषण त्यांच्या हातात ठेवा.